दत्तक आणलेला कुत्रा घरी एकटा राहत नाही: रडणं, दार ओरबाडणं, घरात शू

ही तक्रार जवळपास नेहमी ठरलेल्या वेळी येते. कुत्रा घरी येऊन दहा-बारा दिवस झालेले असतात. पहिला आठवडा छान गेलेला असतो, नाव ठरलेलं असतं, नातेवाइकांना फोटो पाठवून झालेले असतात. मग सोमवारी सगळे कामावर जातात. संध्याकाळी दार उघडतात तर चौकटीचा भुसा खाली पडलेला, सोफ्यापाशी शू केलेली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच गाठून सांगतात, "दिवसभर रडत होता हो तुमचा कुत्रा." आणखी चार दिवस असेच जातात आणि कुत्रा जिथून आणला त्या बचाव केंद्राला फोन येतो: आम्हाला नाही जमत, परत घेऊन जा.

मी पुण्यात कोथरूडला राहते. गेली सहा वर्षं शनिवार-रविवार एका प्राणी बचाव केंद्रात मदत करते, आणि दत्तक गेलेल्या कुत्र्यांच्या घरी फोन करून विचारपूस करणं माझ्याकडे आहे. त्या फोनवर मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली अडचण हीच. आमच्या तांबूच्या वेळी ती मी स्वतः भोगलीही आहे. तिच्यावर उपाय आहे. तो वेळखाऊ आहे आणि सुरुवातीचे दोन महिने घरच्या सगळ्यांना आपापली वेळापत्रकं बदलावी लागतात, पण बहुतेक कुत्री त्यातून सावरतात. म्हणून कुत्रा परत करायचं ठरवण्याआधी एवढं वाचा, अशी मनापासून विनंती.

आधी व्हिडिओ, मग निदान

"एकटा राहत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे अंदाजाने काही सुरू करू नका. घरातला जुना मोबाईल दाराच्या दिशेने टेकवून ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि नेहमीसारखे बाहेर पडा. अर्ध्या तासाचं चित्रीकरण पुरे. खरी भीती असेल तर ती साधारण पहिल्या अर्ध्या तासातच दिसते, बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत.

कुत्रा थोडा वेळ झोपला, मग उठून चप्पल शोधून आणली आणि आरामात चावत बसला, तर तो कंटाळला आहे. त्याला सकाळी जास्त वेळ फिरवा, वास घेऊ द्या, चावायला हक्काचं काहीतरी द्या. खिडकीत उभा राहून प्रत्येक रिक्षावर भुंकतो पण मधल्या वेळात शांत पडून असतो, तर खिडकीच्या खालच्या भागाला कागद चिकटवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. तुम्ही घरात असतानाही शू करतो, तर त्याला कुठे करायची हे अजून कळलेलं नाही. केंद्रातल्या फरशीवर वाढलेल्या कुत्र्याला तुमची फरशी वेगळी का वाटावी? त्याला लहान पिल्लासारखं दर दोन-तीन तासांनी खाली नेणं हाच मार्ग.

चौथा प्रकार मात्र पाहवत नाही. दार बंद झाल्यावर कुत्रा बसतच नाही. दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालतो, तोंड उघडं टाकून धापा टाकतो, जांभया देतो, ओठ चाटतो, लाळ गळून छातीचे केस ओले होतात. ओरबाडतो ते दारालाच, चावतो ती चौकटच. आणि बऱ्याच कुत्र्यांत दिसणारी आणखी एक खूण म्हणजे त्याच्यासमोर ठेवलेला उकडलेल्या चिकनचा तुकडा तसाच पडून राहतो. तुम्ही परत आल्यावर मग तो अधाशासारखा खातो.

तांबूचा पहिला व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. चाळीसाव्या सेकंदाला तो उठून दारापाशी उभा राहिला. एक मिनिट पन्नास सेकंदांनी कुईंकुईं सुरू झाली. चौथ्या मिनिटाला मान वर करून त्याने जो सूर लावला तो मी घरात असताना कधी ऐकला नव्हता. त्याआधीचे आठ दिवस आम्ही त्याला मस्तीखोर म्हणत होतो. तो मस्ती करत नव्हता, जिवाच्या आकांताने घाबरलेला होता. ते पाहिल्यावर रागवायचं मनातही येत नाही.

पुढचं सगळं या चौथ्या प्रकारासाठी आहे.

असं का होतं

केंद्रातून आणलेली बरीचशी कुत्री गावठी, रस्त्यावर जन्मलेली असतात. अपघातात सापडतात, उपचार होतात, नसबंदी होते, तिची खूण म्हणून कानाला खाच पडते. जखमेमुळे परत सोडण्यासारखी नसलेली किंवा माणसाळलेली कुत्री दत्तकासाठी ठेवतात. अशा कुत्र्याच्या आयुष्यात तोवर बंद दार आणि शांतता एकत्र कधी आलेलीच नसते. रस्त्यावर चहाची टपरी, वॉचमन, गाडीखाली झोपणारे सोबती. केंद्रात रात्रीसुद्धा दोन्ही बाजूंच्या जाळीपलीकडे श्वास ऐकू येतो. आणि मग एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरची बंद सदनिका, जिथे पंख्याच्या आवाजाखेरीज काही नाही. एकटं राहणं हे त्याच्यासाठी शिकायचं कसब आहे. ते येत नाही म्हणून तो वाईट कुत्रा ठरत नाही.

त्यात भर घालतो आपणच, चांगल्या हेतूने. कुत्रा येणार म्हणून आठवडाभर रजा घेतो. आठ दिवस चोवीस तास माणसं आजूबाजूला, नवव्या दिवशी सलग नऊ तास कोणी नाही. मी फोनवर विचारते तेव्हा दहातल्या बहुतेक घरांत हाच क्रम निघतो. रजा जरूर घ्या, पण ती त्याला एकटं राहायला शिकवण्यासाठी वापरा. पहिल्याच दिवसापासून कचरा टाकायला, गच्चीवर कपडे घालायला एकट्याने जा आणि लगेच या. त्याला कळू दे की दार बंद होतं आणि उघडतंही.

सेकंदांचा सराव

सगळ्याचा गाभा एकच आहे: तुमचा कुत्रा किती सेकंद शांत राहतो ते मोजायचं आणि ती हद्द ओलांडायची नाही. तो घाबरायच्या आत परत यायचं. प्रत्येक वेळी.

व्हिडिओत पहिली अस्वस्थता किती सेकंदांनी दिसते ते पाहा आणि तिच्या निम्म्यापासून सुरुवात करा. तांबूची चाळीस सेकंदं होती, म्हणून आम्ही वीसवर सुरू केलं. काही कुत्र्यांना तुम्ही कडीला हात लावलेलाही सहन होत नाही. मग कडीला हात लावा, सोडा आणि परत येऊन बसा, तिथून सुरू करा. यात कमीपणा काही नाही. माझ्या माहितीतल्या एका भेदरट काळ्या कुत्रीने पहिले नऊ दिवस फक्त कडीचा आवाज ऐकला. आज ती दुपारी चार तास झोपते.

सरावाची पद्धत अशी. कुत्रा फिरून, शू करून आलेला असावा, भुकेला नसावा. तो आडवा झाला की उठा, बाहेर जा, दार ओढून घ्या, दुसऱ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून त्याच्याकडे पाहत राहा. ठरलेली सेकंदं झाली की आत या. आत आल्यावर गळ्यात पडायचं नाही आणि तोंडही फिरवायचं नाही, रोजच्यासारखं "काय रे" म्हणा आणि आपल्या जागी बसा. तो पुन्हा निवांत झाला की पुन्हा. एका बैठकीत पाच-सहा फेऱ्या, वीस मिनिटांच्या आत आटोपायचं, आठवड्यातून चार-पाच दिवस. रोज करू नका. ताण साचतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही.

वेळ दर वेळी वाढवत नेऊ नका. वीस, पस्तीस, दहा, चाळीस, पंधरा असं खालीवर ठेवा. सतत वाढणारी वेळ कुत्र्याच्या लक्षात येते आणि प्रत्येक फेरी आधीपेक्षा अवघडच असणार हे तो धरून बसतो.

चाव्या, हेल्मेट, ऑफिसची बॅग, बूट हे सगळं पहिल्या आठवड्यात यात आणू नका. या वस्तूंचा अर्थ त्याला केव्हाच कळलेला असतो, मोजे चढवल्याबरोबर काही कुत्री थरथरायला लागतात. आधी नुसतं दार पक्कं होऊ द्या. मग एक वस्तू घ्या. चाव्या खिशात घालून जा आणि वेळ पुन्हा दहा सेकंदांवर आणा. मग हेल्मेट. प्रत्येक नवी गोष्ट आली की वेळ खाली.

खाऊचं काय, असं सगळे विचारतात. आत दही-भात भरून गोठवलेलं रबरी खेळणं कंटाळलेल्या कुत्र्यासाठी फार उपयोगी आहे. घाबरलेल्या कुत्र्याला त्याने शिकवता येत नाही. खाऊ संपेपर्यंत तो गुंतलेला असतो आणि संपल्यावर एकदम लक्षात येतं की घरात कोणी नाही. तांबूने तर नंतर ते खेळणं दिसलं की खोलीच सोडायला सुरुवात केली, कारण ते म्हणजे तुम्ही जाणार हे त्याला कळून चुकलं होतं. आम्ही खाऊशिवाय सराव केला.

किती दिवस लागतील? तांबूला पूर्ण एक मिनिट गाठायला तीन आठवडे लागले, वीस मिनिटं व्हायला सात आठवडे, तीन तासांना चार महिने. पहिली दहा मिनिटं जीव काढतात. अर्धा तास ओलांडला की पुढच्या उड्या मोठ्या पडतात, कारण तोवर कुत्रा झोपायला शिकलेला असतो. दोन आठवडे काहीच हललं नाही तर तुम्ही चुकलात असं समजू नका, वेळ निम्मी करा आणि टिकून राहा.

तोवर घरी कोण थांबणार?

इथेच सगळं अडतं, आणि म्हणूनच बहुतेक लोक सराव करतात पण फळ मिळत नाही. सकाळी वीस सेकंदांचा सराव केला आणि साडेनऊला नऊ तासांसाठी कुलूप लावून गेलो, तर सकाळचं शिक्षण दुपारपर्यंत पुसलं जातं. सराव चालू असेपर्यंत कुत्रा हद्दीपलीकडे एकटा राहता कामा नये. हे ऐकून लोक म्हणतात, अशक्य आहे. आम्हीही म्हणालो होतो.

मग कागद घेऊन बसलो. माझे दोन दिवस घरून काम. नवऱ्याने दोन दिवस दुपारची पाळी मागून घेतली. साताऱ्याहून सासूबाई तीन आठवडे येऊन राहिल्या. उरलेल्या वेळेसाठी सोसायटीतली एक कॉलेजची मुलगी अभ्यासाला आमच्याकडे बसायची, तिला आम्ही तासाचे पैसे द्यायचो. तळमजल्यावरचे निवृत्त काका अधूनमधून येऊन पेपर वाचत बसायचे. त्यांना कुत्री विशेष आवडत नाहीत, तांबूलाही त्यांच्याकडून काही नको होतं. घरात माणूस आहे एवढंच त्याला पुरत होतं.

ही गोष्ट आधीच तपासून पाहा, कारण तिच्यावर सगळं वेळापत्रक अवलंबून आहे. तुम्ही बाहेर गेलात आणि दुसरं कोणी घरात असलं तर कुत्रा शांत राहतो का? राहत असेल तर त्याला एकटेपणाची भीती आहे आणि तुमचं काम बरंच सोपं आहे. फक्त एका ठरावीक माणसाशिवाय चालत नसेल तर सराव त्या माणसाच्या जाण्या-येण्याचा करावा लागेल. सोबतीला दुसरा कुत्रा आणू का, हेही विचारतात. बहुतेक वेळा त्याने फरक पडत नाही, कारण त्याला ओढ माणसाची असते. आणायचाच असेल तर आधी ओळखीतल्या शांत कुत्र्याला दोन-चार दुपारी घरी बोलावून व्हिडिओ पाहा.

लोक सांगतात पण करू नका

परत आल्यावर मारणं, नाक शूवर घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं. "त्याला कळतं, बघा कसा कान पाडून बसलाय," असं म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे तपासलं आहे. मालक रागावले की कुत्री तो अपराधी चेहरा करत, मग त्यांनी मनाई केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो. तो चेहरा तुमच्या आवाजाला घाबरून आलेला असतो. आता त्याला एकटं राहण्याची भीती आहेच, त्यात तुमच्या परत येण्याचीही भर पडते.

पिंजऱ्यात कोंडणं. पिंजऱ्याची आधीपासून गोडी असलेल्या कुत्र्याचं वेगळं. घाबरलेल्या कुत्र्याला कोंडलं तर तो गज चावून दात मोडून घेतो, नखं रक्तबंबाळ करतो. आम्ही तांबूला एक दिवस बेडरूममध्ये बंद केलं होतं. त्या दाराची खालची पट्टी त्याने सोलून काढली आणि हिरड्यांतून रक्त आलं. ती चूक माझी होती.

भुंकला की झटका देणारे पट्टे तर आणूच नका. रडणं थांबेलही, भीती तशीच राहील आणि दुसरीकडून बाहेर पडेल.

आणि "तुम्ही लाड करता म्हणून असं होतं" हे मनावर घेऊ नका. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. तो रात्री तुमच्या खोलीत झोपत असेल तर झोपू द्या.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

खरं तर सुरुवातीलाच एकदा. एकाएकी घरात शू करायला लागलेल्या कुत्र्याची लघवी तपासून घ्या, संसर्ग असू शकतो. केंद्रातून आलेल्या कुत्र्यांत गोचीड तापही पुष्कळदा निघतो, तो रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि आजारी कुत्रा एकटेपणा आणखीनच कमी सोसतो. जुनं हाड मोडलेलं असेल तर दुखतंय का तेही बघायला सांगा. तांबूच्या मागच्या पायात सळई आहे. थंडीत तो पाय आखडायचा आणि त्या दिवसांत त्याची हद्द निम्म्यावर यायची, हे कळायला आम्हाला एक हिवाळा लागला.

कुत्रा स्वतःला इजा करून घेत असेल, किंवा पाच-सहा आठवडे नेटाने सराव करूनही काही सेकंदांपुढे जात नसेल, तर औषधाबद्दल मोकळेपणाने विचारा. क्लोमिप्रामीन आणि फ्लुओक्सेटिन या दोन औषधांना कुत्र्यांमधल्या याच त्रासासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता आहे. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका, आणि एकदम बंदही करू नका. औषधाने कुत्रा गुंगत पडावा अशी अपेक्षा नसते. भीती थोडी उतरते आणि सराव डोक्यात शिरायला जागा होते. माणसांच्या गोळ्या अंदाजाने कधीही देऊ नका. प्रमाण पशुवैद्यच ठरवतील.

शेजारी आणि सोसायटी

आम्हाला सेक्रेटरींचं पत्र दुसऱ्याच आठवड्यात आलं होतं. कायद्याची बाजू अशी की, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचना हेही सांगतात की सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो आणि तो होऊ नये म्हणून मालकाने झटलं पाहिजे. मला दोन्ही पटतं. खालच्या मजल्यावर रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो, त्याची झोपही खरी आहे.

म्हणून भांडायच्या आधी जाऊन भेटा. काय झालंय, काय करतोय, साधारण किती आठवडे लागतील हे सांगा, आपला नंबर द्या आणि "रडला तर कितीही वेळा मेसेज करा" म्हणा. काकूंचे ते मेसेज आम्हाला व्हिडिओइतकेच उपयोगी पडले. महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचं प्रमाणपत्र यांची प्रत सोसायटीत आधीच देऊन ठेवा, म्हणजे बोलणं भलत्या मुद्द्यांवर जात नाही.

खरंच जमत नसेल तर

अशी घरं असतात. कोणी थांबू शकत नाही, पैसे नाहीत, घरात आजारपण आहे. मग केंद्राला कळवा आणि कुत्रा परत द्या, त्यात लाज वाटून घेऊ नका. फक्त त्याला "जिथून आला तिथे" रस्त्यावर सोडू नका. वर्षभर केंद्रात आणि महिनाभर घरात राहिलेल्या कुत्र्याला त्या गल्लीतली कुत्री परकाच मानतात, आणि प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा तऱ्हेने वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

परत देताना व्हिडिओ द्या आणि लिहून द्या: किती सेकंद राहतो, कोणाजवळ शांत होतो, कशाला दचकतो. केंद्रात हे कळायला मार्ग नसतो, कारण तिथे तो कधी एकटा नसतोच. त्या एका कागदावरून आम्ही पुढचं घर निवडतो. आजी-आजोबा दिवसभर असलेल्या घरात असा कुत्रा पहिल्या दिवसापासून सुखाने राहतो. दत्तक घ्यायच्या बेतात असाल तर तुम्हीही केंद्राला हेच विचारा: हा कधी एखाद्या घरात तात्पुरता राहिलाय का, आणि तिथे एकटा कसा होता? त्याची केंद्रातली चादर न धुता मागून आणा. आणि दिवाळीच्या तोंडावर नवा कुत्रा आणू नका.

दिवाळीचं सांगते. तांबू ऑक्टोबरमध्ये अडीच तासांवर आला होता. धनत्रयोदशीच्या रात्री खाली सुतळी बॉम्बची लड लागली, तो संडासात बादलीमागे जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला गेले तर तिसऱ्या मिनिटाला रडायला लागला. असं घसरणं होतंच, मोठ्या आवाजांनंतर, गावाहून परतल्यावर, घर बदलल्यावर. मागचा आकडा विसरून पुन्हा व्हिडिओ काढायचा आणि आज जी हद्द आहे तिच्या निम्म्यापासून सुरू करायचं. आम्ही दीड मिनिटापासून केलं. दुसऱ्यांदा वर यायला पहिल्यापेक्षा फार कमी वेळ लागला, नाताळपर्यंत तो तीन तासांवर होता. सध्या साडेचार तास राहतो. त्यापुढे ताणायची गरज पडली नाही, दुपारी कोणीतरी घरी येतंच.